पॅन्क्रियाजचा सर्जन घडतो कसा, आणि त्याने हिशेब का ठेवायचा

मनोहर पर्रीकर २०१८ मध्ये आजारी पडले आणि पुढच्या वर्षी मार्चमध्ये गेले, तेव्हा गोव्यात आणि महाराष्ट्रात कितीतरी घरांमध्ये पॅन्क्रियाज हा शब्द पहिल्यांदा बोलला गेला. तोवर बहुतेकांना हा अवयव फक्त शुगरमुळे माहीत होता, इन्सुलिन तिथून येतं एवढंच. आणि मग एकदम कळलं की याचा कॅन्सर भयंकर असतो. हे खरंच आहे. पण या एका अवयवावर अख्खं आयुष्य घालवणारे सर्जन असतात, आणि त्यांच्यामुळे गेल्या चाळीसेक वर्षांत ऑपरेशननंतर दगावणाऱ्यांचं प्रमाण प्रचंड कमी झालं, ही गोष्ट आपल्यापर्यंत फारशी पोचत नाही, म्हणून आज त्याबद्दल लिहायला बसलोय.

यातले जे सर्जन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात असतात ते ऑपरेशन करतात, शिकवतात आणि संशोधनही करतात, त्यांना अॅकॅडमिक सर्जन म्हणतात. नुसतं असं सांगितलं की डोळ्यासमोर काहीच येत नाही, म्हणून मी एका माणसाच्या करिअरचा धागा धरून सांगतो. जॉन कॅमेरॉन, अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचे. त्यांना निवडायचं कारण साधं आहे. त्यांनी आणि त्यांच्या टीमने स्वतःचे आकडे वर्षानुवर्षं छापले, चांगले आणि वाईट दोन्ही, त्यामुळे काय घडलं ते आपल्याला आज नीट बघता येतं.

आधी अवयव समजून घेऊ, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. पॅन्क्रियाज म्हणजे आपलं स्वादुपिंड, साधारण १५ सेंटीमीटर लांब, जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला जवळजवळ टेकून आडवं पडलेलं असतं. त्याचं डोकं उजवीकडे लहान आतड्याच्या पहिल्या वळणात, म्हणजे ड्युओडेनममध्ये रुतलेलं, आणि शेपूट डावीकडे प्लीहेपर्यंत गेलेली. कामं दोन. एक म्हणजे पचनाचा रस तयार करायचा, रोज लिटर-दीड लिटर, ज्यात चरबी, प्रथिनं, स्टार्च सगळं तोडणारी एन्झाइम्स असतात. दुसरं म्हणजे इन्सुलिनसारखी हार्मोन्स थेट रक्तात सोडायची, ती ज्या पेशींच्या बेटांमधून येतात ती बेटं पाउल लँगरहान्सने १८६९ मध्ये बर्लिनला विद्यार्थी असताना मायक्रोस्कोपखाली पाहिली.

सर्जनला घाम फुटतो तो जागेमुळे आणि त्या रसामुळे. यकृतातून येणारी पित्तनलिका पॅन्क्रियाजच्या डोक्यातूनच खाली जाते, म्हणून तिथे गाठ झाली की पित्त अडतं आणि माणूस पिवळा पडतो, बऱ्याचदा पोटात काहीही न दुखता. पॅन्क्रियाजच्या मानेच्या, म्हणजे डोक्याच्या पुढच्या अरुंद भागाच्या मागून आतड्याकडून यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर जाते, शेजारी आतड्याची मुख्य धमनी. म्हणजे गाठ दोन-तीन मिलिमीटर इकडे की तिकडे यावर ऑपरेशन होणार की नाही ते ठरतं. आणि हा अवयव कापला की त्यातून जो रस गळतो तो मांस पचवणारा रस आहे, तो पोटात सुटला तर आपल्याच रक्तवाहिन्यांच्या भिंती खायला लागतो. त्यात निरोगी पॅन्क्रियाज इतकं मऊ असतं की मऊ लोण्यात टाके घालावेत तसं होतं, धागा ओढला की फाटतं.

डोक्यातली गाठ काढायची तर नुसतं डोकं काढता येत नाही. रक्तपुरवठा एकच असल्यामुळे ड्युओडेनम जातं, पित्तनलिकेचा खालचा भाग जातो, पित्ताशय जातं, कधी जठराचा टोकाचा भागही जातो. मग उरलेलं सगळं परत जोडायचं, आतड्याला पॅन्क्रियाज, आतड्याला पित्तनलिका, आतड्याला जठर, असे तीन जोड. यातला पॅन्क्रियाजचा जोड सगळ्यात बेभरवशाचा, कधीकधी नळी जेमतेम तीन मिलिमीटरची असते. या सगळ्या ऑपरेशनला व्हिपल म्हणतात, सर्जनच्या नावावरून.

अॅलन व्हिपल यांचा जन्म १८८१ चा, इराणमधल्या उर्मियाचा, आईवडील मिशनरी होते. पुढे ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात सर्जरीचे प्रोफेसर झाले, १९२१ पासून १९४६ पर्यंत. या प्रकारचं ऑपरेशन पहिल्यांदा त्यांनी केलं असं मात्र नाही. इटलीत इमोला गावी अलेस्सांद्रो कोदिविला यांनी १८९८ मध्ये प्रयत्न केला होता, तो पेशंट वाचला नाही, आणि बर्लिनच्या वाल्थर काउश यांनी १९०९ मध्ये दोन टप्प्यांत केलेलं ऑपरेशन यशस्वी झालं. दोन टप्पे कशासाठी तर कावीळ झालेल्या माणसाचं रक्त गोठत नाही. पित्त आतड्यात पोचलं नाही की चरबीत विरघळणारं व्हिटॅमिन के शरीरात शोषलं जात नाही, आणि ते नसेल तर यकृताला रक्त गोठवणारे घटक बनवता येत नाहीत. म्हणून आधी एक छोटं ऑपरेशन करून पित्ताला वाट करून द्यायची, कावीळ उतरू द्यायची, मग काही आठवड्यांनी मोठं ऑपरेशन.

व्हिपल यांनी १९३५ मध्ये जो पेपर छापला तोही दोन टप्प्यांचाच होता. त्यांच्या पहिल्या पेशंटमध्ये आतड्याच्या धाग्याने, म्हणजे कॅटगटने घातलेला जोड सुटला, कारण पॅन्क्रियाजच्या रसाने तो धागाच पचवून टाकला, मग ते रेशमाच्या धाग्याकडे वळले. हे वाचताना मला दर वेळी वाटतं की एवढी मूलभूत गोष्ट कुणालातरी अशी किंमत मोजून शिकावी लागली. मग कोपनहेगनला हेन्रिक डॅम यांना कोंबडीच्या पिल्लांवर काम करताना व्हिटॅमिन के सापडलं, ते औषध म्हणून मिळायला लागलं आणि १९४० मध्ये व्हिपल यांनी सगळं ऑपरेशन एकाच टप्प्यात केलं. गंमत म्हणजे त्या दिवशी ते जठराचा कॅन्सर समजून पोट उघडून बसले होते आणि गाठ निघाली पॅन्क्रियाजच्या डोक्यात. ज्यांच्या नावाने जगभर हे ऑपरेशन ओळखलं जातं त्या व्हिपल यांनी उभ्या आयुष्यात अशी ३७ ऑपरेशन्स केली. हा आकडा लक्षात ठेवा.

कारण यानंतरची पंचवीस-तीस वर्षं वाईट होती. ऑपरेशन माहीत होतं, पण केलेल्या पेशंटपैकी साधारण चौथा-पाचवा हॉस्पिटलमधून घरीच जात नव्हता, रक्तस्राव, लीक (म्हणजे जोडातून रस गळणं), इन्फेक्शन. एवढं करून वाचलेल्यांमध्ये कॅन्सर परत यायचाच. १९७० मध्ये जॉर्ज क्राइल ज्युनियर यांच्यासारख्या नावाजलेल्या अमेरिकन सर्जनने लिहिलं की पॅन्क्रियाजच्या कॅन्सरला हे मोठं ऑपरेशन करण्यापेक्षा साधं बायपास करून पित्ताला वाट करून देणं जास्त फायद्याचं. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, त्या वेळच्या आकड्यांकडे बघितलं तर कुणीही समजूतदार माणूस तेच म्हणाला असता.

कॅमेरॉन याच काळात तयार होत होते. जन्म १९३६ चा, हार्वर्डला पदवी, मग १९६२ मध्ये जॉन्स हॉपकिन्समधून डॉक्टर, आणि तिथेच सर्जरीची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत घेतलेलं प्रशिक्षण. अमेरिकेत हा रस्ता लांबलचक आहे, चार वर्षं कॉलेज, चार वर्षं मेडिकल, किमान पाच वर्षं जनरल सर्जरी, ज्यांना अॅकॅडमिक व्हायचं ते मध्ये एक-दोन वर्षं लॅबमध्ये काढतात, आणि हल्ली त्यावर पॅन्क्रियाज-लिव्हर किंवा कॅन्सर सर्जरीची फेलोशिप वेगळी. आपल्याकडे साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमएस, त्यावर एका खास शाखेचं तीन वर्षांचं एमसीएच, आणि दर दोन पायऱ्यांमध्ये एक अशी प्रवेश परीक्षा की त्यात कित्येकांची वर्षं जातात. म्हणजे माणूस पस्तिशीला पोचतो तेव्हा कुठे त्याला स्वतःच्या नावावर पहिलं व्हिपल करायला मिळतं. आणि तेव्हाही शेजारी सीनियर उभा असला तर बरं.

आता मुख्य भागाकडे येतो. १९८७ मध्ये हॉपकिन्सच्या टीमने एक पेपर छापला, कॅमेरॉन त्यात होते. त्यांनी स्वतःच्याच हॉस्पिटलचे व्हिपल दोन भागांत मांडले. १९६९ ते १९८० मध्ये ४१ पेशंट, त्यातले २४ टक्के हॉस्पिटलमध्येच वारले. १९८१ ते १९८६ मध्ये ४७ पेशंट, वारले २ टक्के. हॉस्पिटल तेच, शहर तेच, ऑपरेशनचा आराखडा तोच. मग बदललं काय? बऱ्याच गोष्टी, सीटी स्कॅन आला, आयसीयू सुधारलं, भूल देण्याचं शास्त्र पुढे गेलं, पोटात साठलेला पू बाहेरून सुई आणि नळी घालून काढता यायला लागला. पण त्या पेपरमध्ये अजून एक गोष्ट दिसली, दुसऱ्या काळात हे ऑपरेशन करणारे सर्जन कमी होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला जास्त ऑपरेशन्स आली होती, रक्त कमी वाहिलं, वेळ कमी लागला.

आधी काय व्हायचं, हॉस्पिटलात कावीळ आणि गाठ असलेला पेशंट आला की त्या दिवशी ज्याची ड्यूटी तो सर्जन करायचा, म्हणजे एका सर्जनच्या हाताखालून वर्षाला एखाद-दुसरं व्हिपल जायचं. एवढ्यावर कुणाचाच हात बसत नाही, सर्जनचा नाही, भूल देणाऱ्याचा नाही, नर्सचा नाही, आणि रात्री तीन वाजता पेशंटची नाडी थोडी वाढलेली बघून काहीतरी बिनसलंय हे ओळखणाऱ्या रेसिडेंटचा तर नाहीच. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक या शेवटच्या माणसाचा आहे. कारण गुंतागुंती मोठ्या सेंटरमध्येही होतात, उत्तम हातांनी केलेल्या व्हिपलनंतरही तीस-चाळीस टक्के पेशंटना काही ना काही होतंच, फक्त तिथे ते लवकर पकडलं जातं आणि माणूस वाचतो.

१९८४ मध्ये कॅमेरॉन हॉपकिन्सच्या सर्जरी विभागाचे प्रमुख झाले आणि २००३ पर्यंत राहिले. प्रमुख म्हणजे नुसती खुर्ची नव्हे, पेशंट कुठे जाणार, कोण काय करणार, कोणत्या तरुणाला कशात घालायचं हे ठरवायचा अधिकार. व्हिपलचे पेशंट मोजक्या हातांत एकत्र आले आणि मग संख्या चढत गेली. १९९३ मध्ये एक पेपर, सलग १४५ व्हिपल आणि एकही मृत्यू नाही. १९९७ मध्ये सलग ६५० चा. २००६ मध्ये कॅमेरॉन यांच्या एकट्याच्या हजार ऑपरेशन्सचा, मार्च १९६९ ते मे २००३, मृत्यू १ टक्का. सत्तरच्या दशकात एका ऑपरेशनला सरासरी ८.८ तास लागत होते ते ५.५ तासांवर आले, ऐंशीच्या दशकात पेशंट १७ दिवस राहायचा तो ९ दिवसांत घरी जायला लागला. व्हिपल यांचे ३७ आठवतात ना, त्यापुढे हे हजार ठेवा.

इथपर्यंत ही एका कर्तबगार सर्जनची गोष्ट झाली. पण अॅकॅडमिक सर्जनचं काम इथून पुढे सुरू होतं, कारण आमच्याकडे चांगलं होतं एवढं म्हणून थांबायचं नसतं, का होतं आणि बाकीच्यांकडे काय होतं हे मोजायचं असतं. त्यांनी अख्ख्या मेरीलँड राज्याचे रेकॉर्ड काढले. १९९५ मध्ये छापलेला आकडा असा की हॉपकिन्समध्ये व्हिपलनंतर मृत्यू २.२ टक्के आणि राज्यातल्या बाकी ३८ हॉस्पिटल्समध्ये मिळून १३.५ टक्के. तीन वर्षांनी पुढचा अभ्यास आला, १९८४ मध्ये राज्यातले साधारण २१ टक्के व्हिपल हॉपकिन्सला होत होते, १९९५ पर्यंत ते ५८ टक्क्यांच्या वर गेले, आणि तेवढ्याच काळात अख्ख्या राज्याचा मृत्युदर १७.२ वरून ४.९ टक्क्यांवर आला. नवीन औषध नाही, नवीन मशीन नाही, पेशंट योग्य ठिकाणी गेले हा यातला मोठा भाग.

कुणी म्हणेल की हॉपकिन्सवाले स्वतःचीच तारीफ करतायत. शंका रास्त आहे. पण २००२ मध्ये जॉन बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी अख्ख्या अमेरिकेतल्या मेडिकेअरच्या, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या डेटावरून हेच तपासलं. वर्षाला सरासरी एकापेक्षाही कमी पॅन्क्रियाज ऑपरेशन होतं अशा हॉस्पिटल्समध्ये मृत्यू १६.३ टक्के, सोळाच्या वर होतात तिथे ३.८ टक्के. त्यांनी बऱ्याच ऑपरेशन्सची तुलना केली होती, सगळ्यात मोठी दरी असलेल्यांमध्ये पॅन्क्रियाज होतं.

आता ट्रायल्सकडे, म्हणजे पेशंटचे गट करून दोन उपचारांची तुलना करण्याकडे वळू, कारण मला स्वतःला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो आणि लोकांना सगळ्यात कमी माहीत असतो. सर्जनचा स्वभावच असा असतो की आपली पद्धत बेस्ट. एक म्हणतो पॅन्क्रियाज आतड्याला जोडा, दुसरा म्हणतो जठराला जोडा, लीक कमी होतं. हॉपकिन्सवाल्यांनी १४५ पेशंट घेऊन, कुणाला कोणता जोड हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवून १९९५ मध्ये निकाल छापला, लीक एकात १२ टक्के आणि दुसऱ्यात ११ टक्के, म्हणजे फरक नाही. मग ऑक्ट्रिओटाइड नावाचं महागडं इंजेक्शन, रस कमी करतं म्हणून आधीच देऊन ठेवायचं, २००० मध्ये त्यांच्या ट्रायलमध्ये फायदा दिसला नाही. मग आजूबाजूच्या जास्तीत जास्त लिम्फ नोड्स खरवडून काढल्या तर कॅन्सर परत येणार नाही अशी आशा होती, २००२ मध्ये निकाल आला, आयुष्य वाढलं नाही, गुंतागुंती मात्र वाढल्या.

बातमी म्हणून यातलं एकही चालणार नाही, कारण तिन्हीकडे उत्तर 'उपयोग नाही' असं आहे. पण विचार करा, यामुळे किती पेशंट नको त्या इंजेक्शनच्या बिलातून आणि नको त्या कापाकापीतून सुटले. स्वतः करत असलेली गोष्ट निरुपयोगी निघू शकते हे माहीत असताना ती तपासायला काढायची आणि उत्तर आलं तसं छापायचं, याला फार मोठं मन लागतं असं मला मनापासून वाटतं.

आणि मोजायचं तर आधी लीक कशाला म्हणायचं हे तरी सगळीकडे सारखं पाहिजे ना. वर्षानुवर्षं प्रत्येक हॉस्पिटलची व्याख्या वेगळी होती, त्यामुळे आमच्याकडे पाच टक्केच आणि तुमच्याकडे वीस टक्के या तुलनेला काही अर्थच नव्हता. २००५ मध्ये इटलीतल्या व्हेरोनाचे क्लाउदिओ बासी आणि जगभरचे पॅन्क्रियाज सर्जन एकत्र बसले आणि ठरवलं की तिसऱ्या दिवसापासून ड्रेनच्या, म्हणजे पोटातून बाहेर काढलेल्या नळीच्या पाण्यातलं अमायलेज (पॅन्क्रियाजचं एक एन्झाइम) रक्तातल्या नॉर्मल मर्यादेच्या तिप्पट असेल तर ते लीक, आणि पेशंटवर त्याचा किती परिणाम झाला त्यावरून ग्रेड. पुढे दशकभराने त्यात सुधारणा केली, नुसता आकडा वाढलेला आणि पेशंट ठणठणीत असेल तर त्याला खरं लीक म्हणायचं नाही असं ठरलं. आज मुंबईत किंवा जर्मनीतल्या हायडेलबर्गला सर्जन लीकचा रेट सांगतो तेव्हा दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात ते यामुळे.

ऑपरेशन सुरक्षित झालं, पण कॅन्सरचं काय? इथे कुणाला खोटी आशा देणार नाही. कॅमेरॉन यांच्या हजारांत ज्यांना पॅन्क्रियाजचा नेहमीचा कॅन्सर होता त्यातले पाच वर्षांनी १८ टक्के हयात होते. म्हणजे सुरीची मर्यादा स्पष्ट आहे, कारण गाठ दिसते तोवर बहुतेकदा पेशी बाहेर पसरलेल्या असतात, आणि निदान होतं त्या वेळी ऑपरेशन होऊ शकेल असे पेशंट शंभरात पंधरा-वीसच असतात. मग इथेही सर्जननीच पुढाकार घेतला. लिव्हरपूलचे जॉन निओप्टोलेमॉस, ते स्वतः सर्जन, त्यांनी युरोपभरच्या हॉस्पिटल्सना घेऊन ट्रायल्सची मालिका चालवली, २००४ मध्ये दाखवलं की ऑपरेशननंतर केमो दिली तर आयुष्य वाढतं. २०१८ मध्ये फ्रान्स आणि कॅनडाच्या ट्रायलमध्ये फोलफिरिनॉक्स नावाच्या चार औषधांच्या कडक केमोने मधला आकडा, म्हणजे निम्मे पेशंट जिथपर्यंत पोचतात तो, ३५ महिन्यांवरून ५४ महिन्यांवर गेला. ही केमो सोसायला पेशंटची तब्येत चांगली लागते, आणि ऑपरेशननंतर तब्येत चांगली राहायची तर ऑपरेशन नीट व्हायला लागतं, म्हणजे फिरून त्याच मुद्द्यावर आलो.

लॅबमध्येही हेच. सर्जन गाठ काढतो म्हणून पॅथॉलॉजिस्टला ती तपासायला मिळते. हॉपकिन्सला १९९४ मध्ये घरात पॅन्क्रियाजचा कॅन्सर असलेल्या कुटुंबांची नोंदवही सुरू झाली, त्यातून आनुवंशिक कारणं शोधता आली. आणि २०१० मध्ये तिथल्याच क्रिस्टीन इआकोबुझिओ-डोनाह्यू यांच्या टीमने जनुकांमधल्या बदलांवरून हिशेब मांडला की पहिली बिघडलेली पेशी तयार झाल्यापासून खरा कॅन्सर व्हायलाच दहा वर्षांच्या वर जातात, आणि तो बाहेर पसरायला पुढे अजून काही वर्षं. हा कॅन्सर अचानक येतो असं सगळे म्हणतात, आपल्याला तो उशिरा दिसतो एवढंच, आणि त्या दहा वर्षांत तो पकडायचा कसा यावर आज जगभर डोकं लावणं चालू आहे.

या सर्जनचं काम कॅन्सरपुरतंच नसतं. पॅन्क्रियाजला सूज येते, पॅन्क्रियाटायटिस, पित्ताचे खडे आणि दारू ही मुख्य कारणं, आणि केरळमध्ये तर दारूला न शिवलेल्या तरुण मुलांनाही दीर्घकाळची सूज आणि आत खडे होतात, तो आजार तिथे कित्येक दशकं अभ्यासला जातोय. तीव्र सुजेत पॅन्क्रियाज सडलं तर पूर्वी पोट उघडून सडलेलं सगळं काढायचे. नेदरलँड्सच्या सर्जननी ८८ पेशंटवर तुलना केली, एका गटात पोट उघडायचं, दुसऱ्यात आधी फक्त नळी घालायची आणि गरज पडली तरच पुढे जायचं. २०१० चा निकाल, मोठी गुंतागुंत किंवा मृत्यू पहिल्या गटात ६९ टक्के आणि दुसऱ्यात ४० टक्के. आणि नळी घातलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना पुढे काहीच करावं लागलं नाही. ऑपरेशन हेच ज्यांचं काम त्यांनी सिद्ध केलं की बऱ्याच वेळा ऑपरेशन नकोच.

दुर्बिणीच्या व्हिपलचंही तसंच. छोटी भोकं, कमी दुखणं, लोकांना आवडणारच. पण नेदरलँड्समध्येच याची ट्रायल मध्येच थांबवावी लागली, दुर्बिणीच्या गटात ५० पैकी ५ पेशंट वारले, उघड्या ऑपरेशनच्या गटात ४९ पैकी १. संख्या लहान आहे, शंभर टक्के शाबीत झालं असं कुणी म्हणणार नाही, आणि पुढे सरावलेल्या हातांनी चांगले निकालही दाखवलेत. पण धोका दिसला तसा हात आखडता घेतला, हे त्या मोजमापामुळेच शक्य झालं.

शिकवणं राहिलंच. हॉपकिन्सला रेसिडेन्सीची पद्धत बसवली ती विल्यम हॉलस्टेड यांनी, तिथलेच सर्जरीचे पहिले प्रोफेसर, त्यांनीही १८९८ मध्ये याच भागातली एक गाठ काढली होती. कॅमेरॉन यांच्या हाताखालचे चार्ल्स यिओ पुढे फिलाडेल्फियात आणि कीथ लिलेमो बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरलमध्ये विभागप्रमुख झाले, वर सांगितलेल्या हॉपकिन्सच्या तिन्ही ट्रायल्सच्या पेपरवर यिओंचं नाव पहिलं आहे. प्रमुख असून तरुण माणसाचं नाव पुढे ठेवायचं, त्याला तयार करायचं आणि दुसऱ्या शहरात जाऊ द्यायचं, यामुळे ही विद्या पसरते. आपल्याकडे परळच्या टाटा मेमोरियलमध्ये शैलेश श्रीखंडे यांनी युरोपात पॅन्क्रियाज सर्जरी शिकून येऊन इथे तशीच शिस्त, ठरलेली पद्धत आणि नोंदी यावर भर दिला, तिथे शिकलेले सर्जन आज देशभर आहेत. म्हणजे पुण्या-नागपूरच्या माणसाला दर वेळी मुंबई गाठावीच लागेल असं आता राहिलेलं नाही, पण नीट चौकशी मात्र करावी लागते.

ती चौकशी कशी करायची ते सांगून थांबतो. घरात कुणाला न दुखता कावीळ झाली, वजन उतरलं, पन्नाशीनंतर एकदम नवीन शुगर निघाली आणि सोबत भूक गेली, तर नुसती कावीळ उतरवायच्या मागे लागू नका. बऱ्याच ठिकाणी लगेच एंडोस्कोपीने स्टेंट, म्हणजे अडलेलं पित्त वाहायला छोटी नळी घालतात. २०१० मध्ये नेदरलँड्सच्याच ट्रायलमध्ये ज्यांना ऑपरेशनआधी सरसकट असा स्टेंट घातला त्यांच्यात गंभीर गुंतागुंती ७४ टक्के आणि थेट लवकर ऑपरेशन केलेल्यांमध्ये ३९ टक्के निघाल्या. ताप असेल, पित्तात इन्फेक्शन असेल, कावीळ खूप चढली असेल किंवा आधी केमो द्यायची असेल तर स्टेंट लागतोच, तेव्हा थांबायचं नाही. पण तशी घाई नसेल तर स्टेंटच्या आधी पॅन्क्रियाज सर्जनला दाखवा. त्यांना सरळ विचारा की इथे वर्षाला किती व्हिपल होतात, तुम्ही स्वतः किती करता, लीक किती जणांना होतं, आणि रात्री रक्तस्राव झाला तर तो नळी घालून थांबवणारा रेडिओलॉजिस्ट इथेच आहे का. जो सर्जन हिशेब ठेवतो त्याला या प्रश्नांचा राग येत नाही, उत्तर तयार असतं. आणि सीटी स्कॅन पॅन्क्रियाज प्रोटोकॉलचा, म्हणजे हा अवयव नीट दिसावा अशा खास पद्धतीचा, स्टेंट घालायच्या आधीच करून घ्या, कारण नंतर सुजेमुळे आणि स्टेंटमुळे शिरेजवळचं चित्र अस्पष्ट येतं. नुसता रिपोर्टचा कागद नको, स्कॅनची सीडी मागून घ्या, कारण ऑपरेशन होणार की नाही हे सर्जन स्वतः त्या चित्रांवरून ठरवतो.